कंपासपेटीतला कान

मी कानामागचं मशीन बोलतोय. व्याकरण बघायला गेलं तर मी ‘ते’. म्हणजे ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण सहा वर्षं एका मुलीच्या कानाला लागून काढल्यावर मशीनसुद्धा आगाऊ होतं. तेवढं चालवून घ्या.

कागदावरचं माझं नाव श्रवणयंत्र. ते नाव मी फक्त दवाखान्यात ऐकलं. घरी सगळे मला ‘मशीन’च म्हणत, आणि त्यावरून रोज घोळ होई, कारण माझ्या मालकिणीची आई घरी कपडे शिवायची आणि तिच्या शिवणयंत्रालाही ‘मशीन’च म्हणत. “मशीन बंद केलंस का?” असं बाबांनी दारातून विचारलं, की मायलेकी दोघी एकदम “हो” म्हणायच्या.

दिसायला मी काजूएवढा आणि काजूच्याच बाकाचा. पोटाशी बॅटरीसाठी एक बारीक दार आणि डोक्यातून निघालेली पारदर्शक नळी, जी कानातल्या साच्यापर्यंत जाते. दार लावलं की मी जागा, दार उघडलं की मी ठार मेलेला. बॅटरी फुकट जाऊ नये म्हणून मला काढून ठेवताना ते उघडायचं असतं. हे दार लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून बरंच रामायण घडलं.

माझ्यात एक खोडही आहे. मला कोणी झाकलं की मी शिट्टी वाजवतो. मुठीत धरलं, डबीत कोंडलं, कोणी मालकिणीला घट्ट मिठी मारली, की माझाच आवाज माझ्यात परत शिरतो आणि मी बारीक, उंच, कर्कश असा किंचाळतो. यात माझा दोष नाही, माझी जातच तशी आहे.

मी जन्मलो एका लांबलचक टेबलाशी. डोळ्याला भिंग लावलेली एक बाई चिमट्याने माझी आतडी एकेक करून जागेवर बसवत होती आणि शेजारणीला सांगत होती, “माझ्या सासऱ्यांनाही हवंय असलं एक, पण ते म्हणतात, तुमचं बोलणं ऐकू येत नाही तेच बरंय.” शेजारीण हसली. माझ्या कानावर पडलेलं माणसांचं हे पहिलं बोलणं. पुढे माझ्या लक्षात आलं, की चष्मा लावताना माणसं फार विचार करत नाहीत, मला लावताना मात्र चारचौघांत नागडं झाल्यासारखी होतात.

तिथून मी गेलो कानाच्या बाईंकडे. दवाखान्यात त्यांना सगळे ‘कानाच्या बाई’च म्हणत. एका दुपारी त्यांच्यासमोर नऊ वर्षांची मुलगी बसली होती. मोठ्या तापात तिचा उजवा कान पुरता गेला होता आणि डावा अर्धामुर्धा उरला होता. बारीक, उंच आवाज तर तिच्यापर्यंत पोचतच नसत. बाईंनी गुलाबी लगदा भरून तिच्या डाव्या कानाचा साचा घेतला आणि दोन आठवड्यांनी मला तिथे बसवलं. दार लावलं. मुलगी क्षणभर दचकली, मग मागे वळून म्हणाली, “आई, तुला सर्दी झालीय?”

आईला सर्दी नव्हती झाली. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचं नाक ओढणं लेकीला ऐकू आलं होतं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

आई शिवताना टाचण्या ओठांत धरायची आणि टाचण्यांमधूनच बोलायची. ओठ वाचून समजून घ्यायची सोयच नसे. म्हणून आईशी बोलायचं तर मी लागायचोच. माझ्यामार्फत व्हायचं तितकं बोलणं त्या घरात दुसऱ्या कोणाचंच होत नसेल.

त्याच इमारतीत, एक मजला खाली, तिच्याच वयाची एक मुलगी राहायची. घरात तिला ‘खालची’ म्हणत. “खालची आलीय गं,” “खालचीला डबा दे गं,” असं. खालची उंच, हडकुळी आणि जरा फटकळ. तिला माझं भयंकर कुतूहल. पहिल्याच आठवड्यात ती माझं दार नखाने उघडून बॅटरी बदलायला शिकली. शाळेत दोघी एका बाकावर. बाई फळ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या की खालची वहीच्या समासात ते लिहून द्यायची. तिने कधी ते उपकार केल्यासारखं केलं नाही. पेन्सिलीला टोक करावं इतक्या सहज करायची.

आता एका शब्दाबद्दल सांगतो. जगातला कुठला शब्द मी सर्वांत जास्त ऐकला असेल? ‘जाऊ दे.’ चार माणसं हसत असतात, माझी मालकीण विचारते, “काय? काय झालं?” आणि समोरचा हात झटकून म्हणतो, “काही नाही, जाऊ दे.” म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पुन्हा सांगण्याइतकं ते महत्त्वाचं नाही, एवढंच त्याला वाटतं. पण दिवसातून दहा वेळा ‘जाऊ दे’ ऐकणाऱ्या पोरीला हळूहळू वाटायला लागतं, की जाऊ द्यायची गोष्ट म्हणजे आपणच. खालची कधी ‘जाऊ दे’ म्हणत नसे. वैतागून का होईना, पुन्हा सांगायची. “बहिरे, नीट ऐक,” असं म्हणून सांगायची, आणि तिच्या तोंडून ते लागत नसे.

आठवीपर्यंतची शाळा संपली आणि नववीला दोघी मोठ्या शाळेत गेल्या. तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. आईने वर्गशिक्षकांसाठी चिठ्ठी लिहून दिली: ‘माझ्या मुलीला फक्त डाव्या कानाने, तेही मशीन लावून ऐकू येते. कृपया तिला पुढच्या बाकावर बसवावे व फळ्याकडे तोंड करून बोलू नये.’ वर्गशिक्षक म्हणजे गणिताचे सर. माझ्या मालकिणीने चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली, उद्या देऊ म्हणून. तो उद्या सात महिने आला नाही.

कारण दुसऱ्याच दिवशी मैदानावर तिला कॅप्टन भेटली.

कॅप्टन नववीच्या थ्रोबॉल संघाची कॅप्टन होती आणि एकूणच सगळ्या गोष्टींची कॅप्टन होती. तिच्यासोबत कायम दोन मुली असत. त्यांना मी मनातल्या मनात पहिली हो आणि दुसरी हो म्हणायचो. कॅप्टन म्हणाली आज ऊन आहे, की एक म्हणे हो, दुसरी म्हणे हो ना. माझ्या मालकिणीचा हात जबर होता. तिने फेकलेला चेंडू पार पलीकडच्या रेषेवर पडला तेव्हा कॅप्टनने येऊन तिच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाली, “तू आमच्यात.”

हे मला नंतर कळलं. मैदानावर घामाने मी खराब होतो, म्हणून मी तेव्हा कंपासपेटीत होतो.

‘तू आमच्यात.’ हे दोन शब्द त्या पोरीने घरी येऊन आरशासमोर चार वेळा म्हणून बघितले. चौदा वर्षांच्या माणसाला जेवणाखालोखाल हेच लागतं, असं माझं मत झालंय. तिला मैदानावर माझी गरजच नव्हती. तिथे सगळं हातवाऱ्यांवर चालतं. त्या मुलींना तिच्या कानाबद्दल काही कळलं नाही, आणि पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं ते दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. पंधरा दिवसांनी तर अशक्यच झालं.

मग सुरू झाले उद्योग. केस कानावर ओढून घ्यायचे. चालताना सगळ्यांच्या उजव्या कडेने चालायचं, म्हणजे बाकीच्या डाव्या कानाकडे येतात. वर्गात मी केसांखाली लपलेला, आणि मधल्या सुट्टीत पेटीत. कारण त्या चौघी गळ्यात गळे घालून फिरत, आणि गळ्यात हात पडला की मी वाजणार. घाईत ती माझं दार उघडायला विसरायची, म्हणून पेटीत कर्कटकाच्या टोकाशी अंग चोरून, आईच्या चिठ्ठीवर पडल्या पडल्या मला बाहेरचं सगळं ऐकू यायचं. अर्धवट झाकणाच्या फटीतून मी त्यांची अख्खी मैत्री ऐकली आहे.

मशीनशिवाय विनोद कळायचे नाहीत. मग ती तोंडांकडे बघून हसायला शिकली. दुसऱ्यांची तोंडं उघडली की आपलं उघडायचं. त्यामुळे तिचं हसू नेहमी अर्धा क्षण मागून यायचं. एकदा सगळ्या हसून थांबल्यावर ती एकटीच हसली, तेव्हा कॅप्टन म्हणाली, “हिची ट्यूब उशिरा पेटते.” झालं, नाव पडलं. ट्यूबलाइट. लाडाने ट्यूब.

“ट्यूब म्हणजे गं काय?” आईने टाचण्यांमधून विचारलं.

“लाडाचं नाव आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकीला असतं.”

खोटं नव्हतं ते. ती खरंच खूश होती. ज्या मुलीचा नंबर आठवीपर्यंत पहिल्या पाचांत होता, ती आता मंद म्हणवून घ्यायला एका पायावर तयार होती. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा तिला ते बरं वाटत होतं. माझा जळफळाट व्हायचा, पण पेटीत पडलेल्याच्या जळफळाटाला कोण विचारतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. त्या मुलींनी तिचं वाईटच केलं असं नाही. आधी ती परक्या माणसाशी दोन वाक्यं बोलायला घाबरायची. आता मैदानावर मोठ्याने ओरडायची, सायकलवरून दोन्ही हात सोडायची, दुकानदाराशी भांडायची. कॅप्टनने हे तिच्या अंगात भरलं, मी नव्हे. मला त्यांचा जो राग होता, त्यातला निम्मा मत्सर होता.

खालचीला काय वाटत होतं ते मला ठाऊक नाही. ती वर्गात आता दोन बाक पुढे, एका वेगळ्याच मुलीशेजारी बसायची. घरी जाताना माझी मालकीण ग्रुपबरोबर निघायची, खालची मागून एकटी यायची. एकदा पहिली हो म्हणाली, “ती लांबोडी तुमच्या इमारतीत राहते ना? मैत्रीण आहे तुझी?” मालकीण म्हणाली, “नाही गं, तशी ओळख आहे.” मी त्या वेळी कानावरच होतो. मला वाटलं बॅटरी आत्ताच्या आत्ता संपावी.

मग तो दिवस आला. थ्रोबॉल संघाचा फोटो काढायचा होता. मधल्या सुट्टीत कॅप्टनने फर्मान काढलं, सगळ्यांच्या वेण्या एकसारख्या, उंच आणि घट्ट. कॅप्टन स्वतः घालून देणार. ती कंगवा घेऊन जवळ येतेय हे दिसताच माझ्या मालकिणीने मला उपटलं आणि पेटीत टाकलं. दार उघडायला विसरली. फोटो झाला. घंटा झाली. सगळ्या घाईघाईने वर्गात आल्या, आणि गणिताची घटक चाचणी सुरू झाली. कान उघडे पडलेले, आता मला लावायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिने एक पेन्सिल काढली आणि पेटीचं झाकण घट्ट दाबून लावलं.

सर फळ्याकडे वळून म्हणाले, “पाचवा प्रश्न चुकीचा छापलाय. कोणी सोडवू नका. पूर्ण गुण मिळतील.” मी झाकणाखालून ते ऐकलं. तिने नाही ऐकलं.

वर्ग चिडीचूप झाला. आणि घट्ट कोंडलेला मी वाजायला लागलो.

आधी बारीक, मग चढत्या पट्टीत. चाळीस माना वर झाल्या. सरांनी खडू खाली ठेवला. “कोणाकडे वाजतंय? मोबाइल आणलाय का कोणी?” माझी मालकीण खाली मान घालून पाचवा प्रश्न सोडवत होती. माझी शिट्टी अख्ख्या वर्गाला ऐकू येत होती, फक्त तिला नाही. असे आवाज माझ्याशिवाय तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, हे मी आधी सांगितलंच आहे.

खालचीला मात्र एका क्षणात कळलं. तिने ती शिट्टी पाच वर्षं ऐकली होती. दोन बाक पुढून ती उठली, थेट मागे आली, बाकावरची कंपासपेटी उचलून झाकण उघडलं आणि नखाने माझं दार टपकन उघडलं.

मी मेलो.

पुढचं मला दोन वेगवेगळ्या तोंडांनी कळलं. सर म्हणाले, ऐन चाचणीत उठून दुसऱ्याची पेटी कसली उघडतेस? खालची म्हणाली, रबर हवं होतं. सरांनी विचारलं, शिट्टी कोणी वाजवली? आणि खालची म्हणाली, “मी वाजवली, सर. तोंडाने.” सरांनी तिचा पेपर काढून घेतला, तिला बाहेर उभं केलं आणि आईला घेऊन ये म्हणाले.

माझ्या मालकिणीला एवढंच दिसलं, की खालची आली, पेटी उघडून ठेवली, काहीतरी बोलली आणि बाहेर गेली. तिने शाळा सुटताना कॅप्टनला विचारलं, “काय झालं गं मगाशी?”

“काही नाही, जाऊ दे. त्या लांबोडीने शिट्टी वाजवली.”

“कधी?”

“ट्यूब, तू होतीस कुठे?” दुसरी हो म्हणाली, आणि चौघी हसल्या. म्हणजे आधी तिघी, मग माझी मालकीण.

घरी आल्यावर तिने मला कानावर चढवायला पेटी उघडली. माझं दार सताड उघडं. ती थबकली. आपण दार उघडत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यासाठी आई रोज ओरडायची. या शाळेत माझं दार नखाने उघडता येणारं दुसरं कोण होतं? आणि शिट्टी. तिने दार लावलं, मला मुठीत घट्ट धरलं, मूठ डाव्या कानाशी नेली. मी वाजलो. तिला ऐकू आलं नाही, पण बोटांना बारीक कंप जाणवला.

ट्यूब पेटली.

त्याच संध्याकाळी ती जिन्यात खालचीला गाठायला गेली. मी कानावर होतो. खालची पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती.

“तू सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तुला लपवायचंय ना? मग मी कशाला सांगू?”

“पण तुझा पेपर—”

“गेला माझा पेपर. आणि परवा आई अर्धी रजा टाकून शाळेत येतेय. ती मला विचारतेय, तू शिट्टी का वाजवलीस? माझी आई, जिला माहितेय की मला शिट्टी वाजवता येत नाही.” खालचीचा आवाज चिरकला. “तिला काय सांगू, तेवढं तूच ठरवून दे.”

“मी बोलते सरांशी.”

“बोल नाहीतर नको बोलूस. मी तुझ्यासाठी नाही केलं. हात आपोआप गेला.” ती बूट हातात घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी माझ्या मालकिणीने जाऊन सगळं सांगितलं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपने खालचीचं नाव शिट्टी ठेवलं. ती वर्गात आली की पहिली हो ओठांचा चंबू करायची. कॅप्टन म्हणाली, आपल्यापैकी कोणी तिच्याशी बोलायचं नाही, ती शिक्षकांच्या डोळ्यांवर आलीय, आपल्यालाही ओढेल. माझी मालकीण गप्प बसली. एकदा तर तिनेही चंबू केला. अर्धवटच केला आणि लगेच पुसल्यासारखा तोंडावरून हात फिरवला, पण केला. मी तिच्या बाजूचा आहे, तरी हे झाकून ठेवणार नाही. एरवी मुंगीला वाट देणारी ती पोर होती. एकटी असती तर तिने ते मेली तरी केलं नसतं.

तिसरा दिवस. मधल्या सुट्टीनंतर खालचीची आई येणार होती. त्याआधी गणिताचा तास. सरांनी पेपर वाटले. माझ्या मालकिणीच्या बाकाशी येऊन थांबले आणि पेपर उंच धरला.

“हा बघा अजब नमुना. पाचवा प्रश्न सोडवू नका म्हणून मी ओरडून सांगितलं. सगळ्या वर्गात फक्त हिने सोडवला, दोन पानं भरली, आणि शेवटचे तीन प्रश्न सोडून दिले. लक्ष कुठे होतं?”

“सर, तिची ट्यूब उशिरा पेटते,” मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

मी त्या वेळी तिच्या केसांखाली होतो, जागा, म्हणून ते तिला नीट ऐकू आलं. या वेळी ती हसली नाही. ती उभी राहिली. तिने केस मागे सारले आणि मला कानावरून काढलं. तिने मला मुठीत घेतलं, मूठ आवळली आणि हात वर केला.

मी वाजलो. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी वाजलो नव्हतो.

“परवाची शिट्टी ही होती, सर,” ती म्हणाली. मशीन नसलं की तिला स्वतःचाही आवाज कळायचा नाही, त्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलत होती. “मला ऐकू येत नाही. हे लावलं तर येतं. परवा पेटीत होतं. तिने वाजवली नाही. तिला वाजवताच येत नाही.”

मग तिने पेटीतून आईची चिठ्ठी काढली. सात महिने मी तिच्यावर झोपलो होतो. तिला शिसाचे डाग पडले होते आणि कर्कटकाने एक भोक पाडलं होतं. सरांनी ती उभ्याउभ्या वाचली. शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी मालकिणीकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “मी रोज फळ्याकडे बघून बोलतो का गं?”

ते तिने ओठांवरूनच वाचलं. “हो, सर,” ती म्हणाली.

खालचीच्या आईला सर स्वतः जाऊन भेटले. खालचीने चाचणी पुन्हा दिली. संध्याकाळी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. माझी मालकीण काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत होती, पण खालचीने आधी माझ्याकडे बघितलं. “बॅटरी कधी बदललीस शेवटची? आवाज चिरका येत होता त्याचा,” ती म्हणाली, आणि मला काढून घेऊन दार उघडलं.

कॅप्टनचं वेगळंच झालं. मला वाटलं होतं ती टिंगल करेल. ती चिडली. सुट्टीत येऊन म्हणाली, “सात महिने? मी तुला सगळ्यांसमोर ट्यूब म्हणत होते. सात महिने मी काय करत होते ते तुला माहीत होतं, आणि तू मला करू दिलंस.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पंधरा दिवस बोलली नाही. दोन्ही हो अर्थातच बोलल्या नाहीत. मी मनातून खूश होतो, सुंठीवाचून खोकला गेला म्हणत होतो. पण माझी मालकीण रोज घरी येऊन रडायची, आणि ते रडणं सगळ्यात आधी मलाच ऐकू यायचं. तेव्हा मला कळलं, की मला हवी असलेली मैत्रीण आणि तिला हव्या असलेल्या मैत्रिणी यांत निवड करणं माझं काम नाही.

सोळाव्या दिवशी मैदानावर कॅप्टन तिच्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, “कुठल्या कानाने येतं?”

“डाव्या.”

कॅप्टन तिच्या उजवीकडून उठून डावीकडे येऊन बसली. थोड्या वेळाने दोघी होही उठल्या आणि डावीकडे आल्या. एका बाजूला तिघींची दाटी, दुसरी बाजू मोकळी. लांबून बघणाऱ्याला बावळटपणाच वाटला असेल.

खालची त्या ग्रुपमध्ये कधी गेली नाही. कॅप्टनने एकदा माफीसारखं काहीतरी म्हणून बघितलं, तेव्हा ती फक्त “बरं” म्हणाली. घरी जाताना मात्र माझी मालकीण आता आठवड्यातले दोन दिवस ग्रुपबरोबर निघे आणि उरलेले दिवस खालचीबरोबर.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या जातीत सहा वर्षं म्हणजे पिकलं पान. गेल्या महिन्यात मालकिणीला नवं मशीन मिळालं, लालभडक. रंग तिनेच निवडला. मला तिने कानाच्या बाईंकडे ठेवून दिलं. बाई मला नव्या येणाऱ्यांना आठवडाभर वापरून बघायला देतात. कोणी मला लगेच केसांखाली लपवतं, कोणी टोपी ओढून घेतं, आणि मला सगळं ओळखीचं वाटतं. त्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की मला पेटीत ठेवू नका. आणि ज्यांना मी लागत नाही, त्यांना एक विनंती. कोणी “काय?” म्हणून विचारलं, तर पुन्हा सांगा. गोष्ट कितीही फालतू असली तरी सांगा.

ज्या दिवशी तिने मला इथे ठेवलं, त्या दिवशी बाईंनी मला तपासायला म्हणून टेबलावर ठेवून माझं दार लावलं होतं. ती निघाली. उघड्या खिडकीबाहेर चारपाचजणींचा घोळका उभा होता, खालचीही जराशी बाजूला. कॅप्टन काहीतरी म्हणाली आणि सगळ्या फुटल्या. रस्त्यावर गाड्यांचा आवाज. नवं मशीन अजून सवयीचं नव्हतं.

“काय? काय म्हणालीस?” माझ्या मालकिणीने विचारलं.

“काही नाही गं, जाऊ—” कॅप्टन मध्येच थांबली. वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आली. “ऐक, पुन्हा सांगते. म्हटलं, सरांचं नाक एवढं लांब आहे, की सोमवारी झालेली सर्दी बुधवारी बाहेर येते.”

इतका टुकार विनोद मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. बाकीच्या एकदा हसून झाल्या होत्या, तरी तिच्यासाठी थांबल्या होत्या. ती पोट धरून हसली, आणि त्या तिच्याबरोबर पुन्हा हसल्या. मग बाईंनी येऊन माझं दार उघडलं.